पाखरांचे पाणथळ

मुलांनो, सिन्नरच्या ईशान्येला, निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर हे गाव आहे. येथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. हिवाळ्यात सकाळी येथे गेलात, तर हजारो पक्षी दिसतील. क्रौंच आणि तलवार बदक हे पाहुणे दूरच्या थंड प्रदेशांतून येतात. चमचा पक्षी आपल्या चपट्या चोचीने चिखलात अन्न शोधतो. वारकरी पक्ष्याचे अंग काळे असते आणि कपाळावर पांढरा टिळा असतो. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले होते.

ही जागा कशी तयार झाली? विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीला पाणी देण्यासाठी येथे बंधारा बांधला गेला. पाणी अडले आणि नद्यांनी आणलेला गाळ तळाशी बसू लागला. पाणी उथळ झाले. मध्ये लहान लहान बेटे तयार झाली. त्यांवर गवत उगवले. मासे, शंख, किडे वाढले आणि त्यांच्यामागे पक्षी आले. अशा उथळ, ओलसर जागेला ‘पाणथळ’ म्हणतात.

पाणथळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. ती पुराचे पाणी सामावून घेते. तिच्यामुळे आसपासच्या विहिरींना पाणी मिळते. तिच्यातील वनस्पती पाण्यातील काही घाण शोषून घेतात.

परंतु कोणत्याही गोष्टीला मर्यादा असते. ज्या गाळाने हे पाणथळ घडवले, तोच गाळ फार साचला तर पाण्याला जागा उरत नाही. वरच्या बाजूला नाशिक शहर आहे. सांडपाणी नीट शुद्ध न होता नदीत आले, की त्यातील खतासारख्या द्रव्यांवर जलपर्णी झपाट्याने वाढते. तिचा हिरवा थर दिसायला सुंदर असतो. पण त्याखाली ऊन पोहोचत नाही. जलपर्णी कुजली, की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. मग पक्ष्यांनी काय खावे?

१९७१ साली इराणमधील रामसर या शहरात अनेक देशांनी पाणथळ जागा वाचवण्याचा करार केला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. नांदूर मध्यमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पाणथळ जागेत भराव घालणे व कचरा टाकणे यांस २०१७ च्या नियमांनी बंदी आहे.

नियम असले, तरी राखण माणसांनीच करायची असते. गटाराचे पाणी ओढ्याला मिळते आणि ओढा नदीला. म्हणून गटारात कचरा टाकण्यापूर्वी थांबा. तो कचरा दूरच्या एखाद्या पाखराच्या घरी पोहोचणार आहे.

शब्दार्थ
पडीक – वापरात नसलेली
भराव – खोलगट जागा बुजवण्यासाठी टाकलेली माती
जलपर्णी – पाण्यावर तरंगणारी एक वनस्पती

स्वाध्याय
१. नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ कसे तयार झाले?
२. जलपर्णीमुळे मासे का मरतात?
३. तुमच्या गावातील तळ्याची किंवा ओढ्याची पाहणी करून पाच वाक्ये लिहा.