‘नागपूर येथे’ म्हणजे नेमके कुठे?

हिवाळा आला की वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो: ‘नागपूर येथे विधिमंडळाचे अधिवेशन’. हा मथळा मुंबईतल्या कचेरीत बसून लिहिला जातो. नागपूर तिथून आठशेहून अधिक किलोमीटर लांब आहे. ‘येथे’ म्हणजे ‘मी आहे त्या ठिकाणी’, हा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. मग मुंबईत बसलेल्या माणसाने नागपूरला ‘येथे’ का म्हणावे? त्याच्या दृष्टीने ते ‘तेथे’च की. पण हा मथळा वाचताना कुणाला काही खटकत नाही, आणि लक्ष द्यायला हवे ते यालाच. इंग्रजीतला ‘हिअर’ हा बोलणाऱ्याला चिकटलेला शब्द आहे. आपला ‘येथे’ही तसाच होता. कागदोपत्री मराठीने त्याला बोलणाऱ्यापासून सोडवून नुसता प्रत्यय करून टाकले, आणि त्यात भाषेचे नुकसान झाले, असे माझे म्हणणे आहे.

आधी या शब्दाचे घर पाहू. प्राकृतातला ‘एत्थ’ ज्ञानेश्वरीच्या काळी ‘एथ’ झाला, आणि आज लिहिताना ‘येथे’ व बोलताना ‘इथे’ म्हणून वावरतो. त्याच्या शेजारी ‘इकडे’ राहतो. त्यात ‘कड’ आहे, म्हणजे बाजू. म्हणून ‘इथे बस’ म्हटले की नेमकी खुर्ची दाखवलेली असते. ‘इकडे बस’ म्हटले की आपल्या बाजूला सरकायला सांगितलेले असते. काटोलचा बागाईतदार म्हणेल, ‘इकडे संत्र्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग.’ त्यात त्याचे बांधापुरते शेत नसते, सगळा पट्टा असतो. वऱ्हाडी-नागपुरी तोंडी त्याचे ‘इकळे’ होते, पण पसारा तेवढाच राहतो. इंग्रजीतही एके काळी असा बारकावा होता. असण्यासाठी ‘हिअर’, येण्यासाठी ‘हिदर’, निघण्यासाठी ‘हेन्स’. ‘हिदर’ जुन्या पुस्तकांत उरला, ‘हेन्स’चा मुख्य अर्थ ‘म्हणून’ असा झाला, आणि सगळे ओझे एकट्या ‘हिअर’वर आले. आपल्याकडे इथे, इकडे, इथून, इकडून ही चौकडी अजून धडधाकट आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली मांडले की बोलणाऱ्याचे ‘मी’, ‘इथे’ आणि ‘आता’ हे एकाच खुंटीला बांधलेले असतात. बाकीची सगळी दिशादर्शक भाषा त्या खुंटीवरून मोजली जाते. मराठीत याचा दाखला त्याच्या साडेसहाशे वर्षे आधीचा आहे, तोही विदर्भातला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केले. त्यात चक्रधरस्वामी स्वतःचा उल्लेख ‘मी’ असा सहसा करत नाहीत. ‘हे’ म्हणतात, ‘एथ’ म्हणतात, ‘एथौनि’ म्हणतात. अहंकाराचा शब्द टाळायचा म्हणून जागेचा शब्द पुढे केला, आणि ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ बरोबर कळत होता. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी संपादलेली लीळाचरित्राची प्रत १९७८ साली प्रसिद्ध झाली. ती कुठेही उघडली तरी हा ‘एथ’ भेटतो. पुढे हीच युक्ती घरात शिरली. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ‘तुम्ही’ म्हणायचाही संकोच, म्हणून आपल्या पणज्या विचारत, ‘इकडून येणं कधी झालं?’ चक्रधरांचा ‘एथ’ म्हणजे मी, पणजीचा ‘इकडून’ म्हणजे समोरचे ते. जपानीतही ‘कोचिरा’ म्हणजे ही बाजू, आणि फोनवर तोच शब्द ‘आम्ही’ या अर्थाने चालतो. म्हणजे जागेचा शब्द माणसासाठी वापरणे हा काही एकट्या मराठीचा विक्षिप्तपणा नव्हे.

यावर कुणी म्हणेल की अर्थ तेव्हाही सरकला, आताही सरकला. मग तेव्हाचे कौतुक आणि आताची तक्रार का? फरक खुंटीचा आहे. चक्रधरांच्या ‘एथ’मागे बोलणारा उभा होता, पणजीच्या ‘इकडून’समोर ऐकणारा बसला होता. भिंतीवरच्या ‘येथे थुंकू नये’ या पाटीलाही खुंटी असते, कारण तिथे भिंतच बोलते. नागपूरचा झिरो माइलचा दगड तर एक अक्षर न लिहिता ‘इथून’ म्हणतो. १९०७ साली सर्वेक्षण खात्याने बसवलेल्या या खुणेवर छिंदवाड्याचे ८३ मैल, जबलपूरचे १७० मैल, हैदराबादचे ३१८ मैल कोरले आहेत. तो भारताचा भौगोलिक मध्यबिंदू आहे की नाही, यावर वाद घालणारे घालोत. तो दगड उचलून सीताबर्डीच्या किल्ल्यावर नेला, तर प्रत्येक आकडा काटेकोरपणे पाहता खोटा ठरेल. ‘नागपूर येथे’ मात्र मुंबईत छापा, पुण्यात छापा, न्यूयॉर्कमध्ये छापा, काही बिघडत नाही. कुठूनही म्हटले तरी चालते, म्हणजे तो कुणाचाच ‘येथे’ उरलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ‘येथे’ जोडला की गावाचे नाव जसेच्या तसे राहते. ‘हिंगण्यात’ असे लिहिले तर ते नागपूरजवळचे हिंगणा की पुण्याचे हिंगणे, हे नुसत्या शब्दावरून कळणार नाही. ‘हिंगणा येथे’ म्हटले की शंकाच नको. समन्स, राजपत्र, जमिनीचा व्यवहार अशा कागदांत ही सोय मोलाची आहे आणि ती तिथे जरूर राहावी. पण नागपूर, कामठी, रामटेक यांच्याबाबत असा घोळ कधी होत नाही. ‘डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह येथे’ यापेक्षा ‘सभागृहात’ लिहिले तर कार्यक्रम काही सिव्हिल लाइन्स सोडून जाणार नाही. उलट ‘येथे’मुळे मराठीचा एक बारकावा बुजतो. ‘अधिवेशन नागपूरला आहे’ यात शहर नकाशावरचा एक ठिपका असते. ‘आमदार नागपुरात आहेत’ यात त्याच शहराला आत-बाहेर येते, महाल-इतवारीपासून धरमपेठेपर्यंतच्या गल्ल्या येतात. ‘येथे’ दोन्हींवरून सारखाच रूळ फिरवतो.

खरे कारण बहुधा वेगळेच असावे. लेखनाच्या नियमांत गावाच्या नावाअखेरच्या ‘पूर’मधला पू दीर्घ लिहायला सांगितला आहे आणि उदाहरणांत नागपूर आहे. पण ‘नागपुरात’ म्हटले की सामान्यरूपाच्या नियमाने तोच पु ऱ्हस्व होतो, आणि ‘नागपूरला’ लिहिताना पुन्हा दीर्घच राहतो. या चढउतारात पाय घसरू नये म्हणून लिहिणारा ‘येथे’ची काठी धरतो. कारकुनाने ती धरली तर समजू शकते. लग्नपत्रिकेला तिची गरज नाही. पुढची पत्रिका छापायला द्याल तेव्हा ‘विवाहस्थळ: नागपूर येथे’ खोडा आणि लिहा, ‘लग्न नागपुरात आहे, या.’ पु तेवढा ऱ्हस्व काढा.