पोर्क पाय चॅपल आणि बुजलेली गल्ली

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एक रस्ता आहे. लिहायचा 'बेल्व्हॉयर', म्हणायचा 'बीव्हर स्ट्रीट'. या रस्त्यावर बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी १८४५ साली बांधलेलं एक गोलसर चॅपल आहे. लोकांनी त्याचं नाव पाडलं 'पोर्क पाय चॅपल'. पोर्क पाय म्हणजे डुकराच्या मांसाचं सारण भरलेला, उभ्या काठांचा गोल पदार्थ. याच परगण्यातल्या मेल्टन मोब्रेची ती खासियत. देवळाला खाण्याच्या पदार्थाचं नाव देणारं गाव मला तरी आवडतं.

इमारतीचा आराखडा जोसेफ हॅन्समचा. शेरलॉक होम्स ज्या दुचाकी घोडागाडीतून लंडनभर धावतो, त्या हॅन्सम कॅबचं १८३४ सालचं पेटंट याच्याच नावावर. बर्मिंगहॅमचा टाउन हॉल बांधता बांधता त्याचं दिवाळं निघालं होतं. आणि हा गृहस्थ स्वतः रोमन कॅथलिक! बाप्टिस्टांचं त्यामुळे काही अडलं नाही.

पण मराठी माणसाने इथे थांबावं ते हॅन्सममुळे नव्हे. या चॅपलमध्ये आलेली मंडळी मूळची जवळच्याच हार्वी लेनमधली, आणि त्या गल्लीतल्या चॅपलमध्ये १७८९ ते १७९३ विल्यम कॅरी पाळक होता. मूळचा चांभार. चर्चच्या पगारात घर भागेना, म्हणून तो शाळाही चालवी. सोमवार मात्र भाषांच्या अभ्यासासाठी राखून ठेवलेला. मंडळीत भांडणं इतकी विकोपाला गेली होती, की त्याने ती मंडळीच बरखास्त केली आणि नव्या करारनाम्यावर सह्या घेऊन १७९० मध्ये पुन्हा उभी केली. अशा भांडकुदळ गल्लीतून तो १७९३ मध्ये बंगालला निघाला.

पुढचा भाग आपल्या घरचा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण इंग्रजीत छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. छपाई श्रीरामपूरची, बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नव्हे. कोशातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी छापलेले आहेत. शिळाछापाच्या आधी मोडी अशी शिशात ओतली गेली होती, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं?

लेस्टरला मात्र पुतळा आहे तो रॉबर्ट हॉलचा. १८०७ ते १८२५ तो हार्वी लेनला पाळक होता; त्याच्या वक्तृत्वासाठी गर्दी एवढी व्हायची, की चॅपल वाढवावं लागलं. मोजे विणणाऱ्या गरीब कामगारांची बाजू त्याने छापील पत्रकातून मांडली. पुतळा त्याने कमावलेला आहे.

हार्वी लेनचं चॅपल १९२१ मध्ये जळालं. समोरचं कॅरीचं छोटं घर संग्रहालय म्हणून टिकलं होतं. १९६८ मध्ये शहराच्या नव्या बांधकामात तेही पाडलं. वस्तू तेवढ्या चार्ल्स स्ट्रीटच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये सांभाळल्या गेल्या. गोल चॅपल वाचलं, कारण त्याला दुसरं काम मिळालं: तिथे प्रौढ शिक्षणाचं कॉलेज आलं आणि मोठ्या सभागृहाला हॅन्समचं नाव मिळालं.

लेस्टरला गेलात तर पोर्क पाय जरूर पाहा. पण तिथून थोडं चालून सेंट निकोलस सर्कलच्या रहदारीपाशीही जा. कॅरीची गल्ली तिथेच होती.