मितभाषी पात्र आणि शिवी : पात्रसुसंगतीचा एक प्रश्न

गाजलेल्या कलाकृतीतील पात्र घेऊन एखाद्या वाचकाने नवे कथानक रचले, तर त्या लेखनास 'फॅन फिक्शन' म्हणतात. असे लेखन करताना एक प्रश्न हमखास उभा राहतो : मूळ कृतीत संयमाने बोलणारे पात्र नव्या प्रसंगात शिवी देईल काय? 'राग आला की माणूस शिवी देतोच' हे उत्तर पुरेसे नाही. राग सर्वांनाच येतो. तो व्यक्त करण्याची रीत मात्र ज्याची त्याची असते. पात्र ओळखू येते ते या रीतीवरून.

मूळ कृतीचा आधार

विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' हे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. त्यातील सखाराम शिवराळ आहे. त्याच्या घरात राहणारी लक्ष्मी मात्र देवभोळी व सोशिक आहे. ती मुंगळ्याशी बोलते, मार सोसते. म्हणून ती निरुपद्रवी ठरते काय? नाही. चंपा आणि दाऊद यांच्या संबंधांची वार्ता सखारामला तीच देते, आणि चंपाचा जीव जातो. लक्ष्मीच्या कठोरपणाला शिवीची गरज भासत नाही. पाप-पुण्याची भाषा तिला पुरते.

रागाच्या पायऱ्या

मराठीत राग व्यक्त करण्याच्या अनेक पायऱ्या आहेत. अबोला ही पहिली. नेहमी 'अहो' म्हणणाऱ्याने एकाएकी 'अरे' म्हणणे, किंवा जवळच्या माणसाला 'तू' सोडून थंडपणे 'तुम्ही' म्हणणे, ही दुसरी. त्यानंतर शाप, आणि शेवटी शिवी. 'शिव्याशाप' हा जोडशब्द असला, तरी त्यातील दोन गोष्टी भिन्न आहेत. शाप देणारा न्याय देवावर सोपवितो. शिवी देणारा तो आपल्याच हाती घेतो.

आता समजा, आपण लक्ष्मीला जालना जिल्ह्यात आणले. परतूरच्या बाजारात तिला कोणी वजनात फसविले. ती शिवी देईल, की 'देव बघून घेईल' म्हणून निघून जाईल? दुसरा पर्याय मूळ पात्राशी सुसंगत आहे. तिने शिवी द्यावी असे आपणास वाटत असेल, तर आधीच्या पायऱ्या एकेक करून मोडताना दाखवा, आणि शिवीनंतर तिचे काय होते तेही लिहा.

एक सावधगिरी

पात्र खेड्यात आणले की त्याच्या तोंडी शिव्या घालावयाच्या, ही सवय टाळावी. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मराठवाड्याची बोली बोलली जाते. त्याच बोलीत जात्यावरच्या ओव्या गायिल्या गेल्या, लेकीची पाठवणी झाली, भांडणेही झाली. बोलीचा अस्सलपणा शिव्यांवर मोजणे म्हणजे ती बोलणाऱ्या मितभाषी माणसांना साहित्यातून वगळणे होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. आपल्या परिचयातील एखादी अबोल व्यक्ती राग कसा व्यक्त करते, ते पाच वाक्यांत लिहा.
२. अभ्यासक्रमातील एका मितभाषी पात्रासाठी नवा प्रसंग रचा. शिवी वापरल्यास तिचे समर्थन मूळ कृतीच्या आधारे करा.