किनाऱ्यावरचे जखमी पाहुणे व त्यांची शुश्रूषा

आपल्या रायगड जिल्ह्याला सुमारे २४० किलोमीटरचा सागरकिनारा लाभला आहे. ऑगस्ट संपत आला की उरणच्या खाजणांपासून श्रीवर्धनच्या पुळणीपर्यंत चिखल्या, तुतवार, टिलवे यांचे थवे उतरू लागतात. छोटा टिलवा वजनाने जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. पण त्याची वीण होते थेट उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात! एवढी मजल मारणारा हा पक्षी माणसाच्या हातात मात्र फार लवकर दगावतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी यामागचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

सिद्धार्थाने जखमी हंसाला जवळ घेतल्याची कथा आपण मुलांना सांगतो. करुणा तीच असावी, परंतु तुतवार हा मांडीवर घेऊन कुरवाळण्याचा पक्षी नव्हे. पकडला की तो जिवाच्या आकांताने धडपडतो. या भीतीने व श्रमाने त्याच्या स्नायूंच्या पेशी फुटू लागतात आणि काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, पाय लुळे पडतात. जखम किरकोळ असूनही पक्षी मरतो तो यामुळे. पायाला दोरी बांधून ठेवण्याची आपल्याकडची रीत तर सर्वांत घातक. असा लुळा पक्षी शुश्रूषा केंद्रात कापडाच्या झोळीत, पाय खाली मोकळे सोडून ठेवतात. तरीही सगळेच वाचतात असे नाही.

म्हणून जाळ्यात अडकलेला पक्षी दिसल्यास त्यावर कापड टाकावे, जाळे ओढू नये, दोरा कापावा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड अंथरून त्याला अंधारात, शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. भात-पाव हे त्याचे अन्न नाही. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ४८ तासांच्या आत कळवणे बंधनकारकही आहे.

तेलाने माखलेल्या पक्ष्याची गोष्ट निराळी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि तेलाचे तवंग उरण-अलिबागच्या किनाऱ्यालाही लागले. तेलाने पिसांची घट्ट वीण मोडते, पाणी थेट कातडीला भिडते व पक्षी गारठतो. त्याला लगेच धुणे हे चूकच. आधी ऊब व द्रवपदार्थ देऊन तग धरू देतात. मग सुमारे ४० अंश तापमानाच्या पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने धुतात. साबणाचा अंश राहिला तरी पिसे भिजतात, त्यामुळे खळबळून काढण्यातच अधिक वेळ जातो.

केंद्रातील मुक्काम जितका थोडा तितका बरा. कठीण जमिनीवर उभे राहून तळव्यांना फोड येतात, म्हणून खाली ओली वाळू किंवा स्पंज घालतात. उथळ ताटलीत जिवंत अळ्या सोडल्या तरी एकटा पक्षी पुष्कळदा चोच लावीत नाही. शेजारी जातभाई असला तर खातो.

बरा झालेला पक्षी कुठेही सोडून चालत नाही. ओहोटीला चरायला चिखल आणि भरतीला टेकायला उंच, निवांत जागा, दोन्ही जवळजवळ लागतात. उरण परिसरातील अशा कित्येक जागा भरावाखाली गेल्या. पाणजेसारख्या उरलेल्या पाणथळीचे मोल म्हणूनच मोठे. शिवाय एप्रिल-मे उलटला की बहुतेक थवे उत्तरेकडे निघून गेलेले असतात. तेव्हा त्याआधी, ओहोटी लागताना, थवा चरत असेल तिथे खोके आडवे ठेवून उघडतात व माणसे मागे सरतात.