पानशेत फुटलं, चौकशी झाली

जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात काळाचे दोन भाग असतात, पुराआधीचा आणि पुरानंतरचा. कोणता पूर, हे विचारावं लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्या लोंढ्यानं मुठेवरचं जुनं खडकवासलाही फोडलं आणि नारायण-शनिवार पेठांतले मातीचे वाडे बसले.

इथं निसर्गाच्या माथी खापर फोडायला फारशी जागा नाही. पाऊस जोराचा होता, हे खरं. पण १९६२ साली पुरं व्हायचं धरण काम अर्धवट असतानाच एक पावसाळा आधी भरायला घेतलं होतं. बांधाच्या पोटातून पाणी सोडणाऱ्या मोरीला सळईचं काँक्रीट नव्हतं, साध्या काँक्रीटचे ठोकळे होते. मोरी दगावली, वरचा बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून तो उजाडेपर्यंत तरी तगला.

पोती रचली जात होती, म्हणजे धोका कळला होता. तरी नदीकाठच्या पेठांना वेळेत, स्पष्ट इशारा मिळाला नाही. मला बांधकामातल्या चुकीपेक्षा ही चूक मोठी वाटते. काँक्रीट कच्चं निघू शकतं; कळलेली गोष्ट लोकांना न सांगण्याला काय म्हणायचं?

चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर आयोग नेमला गेला. काम पुरं होण्याआधीच बावडेकरांचा मृत्यू झाला आणि सूत्रं न्यायमूर्ती नाईकांकडे गेली. पुनर्वसनात, सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्यामुळे, सरकारनं तडफ दाखवली हे मान्य करायला हवं. तरीही पूरग्रस्तांच्या सोसायट्या जागेच्या मालकीसाठी अर्धशतकाहून अधिक काळ सरकारदरबारी उंबरठे झिजवत राहिल्या.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी दोष दिला तो खेकड्यांना! पानशेतच्या वेळी निदान कोणी प्राण्यांवर घसरलं नव्हतं.

कायदे नाहीत असंही नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५६ मध्ये कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पण त्याच कायद्यात सद्‌भावनेनं केलेल्या कामाला संरक्षणही आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ सांगतो की मोठ्या धरणात पहिल्यांदा पाणी भरण्याआधी आपत्कालीन कृती योजना तयार हवी. पानशेतनंतर साठ वर्षांनी हे कायद्यात आलं. जुन्या धरणांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे.

तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला धरण असेल, तर त्या योजनेची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. धरण फुटल्यास तुमच्या गल्लीत इशारा कोण देणार, त्या अधिकाऱ्याचं पद तिच्यात लिहिलेलं आहे का, ते आधी पाहा.