कात्रीने कापलेलं कार्ड चालूच असतं

घरकर्जाची फाइल पुढे सरकत असते. पगाराच्या पावत्या, फ्लॅटचे कागद, सगळं जागेवर असतं. तेवढ्यात बँकेतला अधिकारी स्क्रीनकडे बघत विचारतो, "हे एक क्रेडिट कार्ड थकीत दिसतंय, त्याचं काय?" अर्जदाराला आधी प्रश्नच कळत नाही. ते कार्ड त्याने दोन-तीन वर्षांपूर्वीच कात्रीने कापून कचऱ्यात टाकलेलं असतं.

कचऱ्यात गेला तो प्लॅस्टिकचा तुकडा. खातं बँकेकडे चालूच राहिलं. समजा, पुढच्या वर्षी त्यावर ५०० रुपये वार्षिक शुल्क लागलं. १८ टक्के जीएसटी धरून ते झालं ५९०. बिल बंद पडलेल्या ईमेलवर गेलं, फोन नंबरही मधल्या काळात बदललेला. मग विलंब शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम राहिली, की बँक ते खातं थकीत म्हणून पतमाहिती कंपन्यांना कळवू शकते. रुपयाचीही खरेदी न करता माणूस थकबाकीदार ठरतो. कार्ड ठेवावं की बंद करावं याची चर्चा नेहमी क्रेडिट स्कोअरभोवती फिरते, पण सर्वांत जास्त घात होतो तो असा ना ठेवलेल्या, ना बंद केलेल्या कार्डाने.

"वर्षभर वापरलं नाही की आपोआप बंद होतं," असं यावर हमखास ऐकायला मिळतं. ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच घातक आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांबाबत सविस्तर निर्देश काढले. एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेने ग्राहकाला कळवून सुरू करावी आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर खातं बंद करावं, असं त्यात आहे. पण एका अटीवर: खात्यावर काही येणं नसावं. वर सांगितलेले ५९० रुपये हे येणंच आहे. ज्याच्यावर शुल्क चढलं, त्याला या नियमाच्या भरवशावर राहता येत नाही.

आता स्कोअरकडे वळू. बोलताना आपण सरसकट "सिबिल" म्हणतो, पण भारतात अशा पतमाहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात मोजला जातो. "कार्ड बंद केलं की सिबिल पडतो" हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की लोक न लागणारी कार्डंही वर्षानुवर्षं सांभाळत बसतात.

यात तथ्य किती, ते एका हिशेबातून स्पष्ट होतं. एखाद्या शिक्षिकेकडे दोन कार्डं आहेत असं धरू. एकाची मर्यादा १ लाख, दुसऱ्याची ५० हजार. तिचा महिन्याचा कार्डावरचा खर्च ३० हजार. दीड लाखांतले ३० हजार, म्हणजे २० टक्के वापर. तिने लाखाचं कार्ड बंद केलं तर तोच खर्च ५० हजारांतला होतो आणि वापर थेट ६० टक्क्यांवर जातो. खर्च एका पैशानेही वाढलेला नाही, पण बाहेरून बघणाऱ्याला ती उधारीवर जास्त अवलंबून दिसते. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सल्ला दिला जातो तो यामुळेच. तिने ५० हजारांचं कार्ड बंद केलं असतं, तर आकडा ३० टक्क्यांवरच थांबला असता. म्हणून "बंद करू का?" याच्या जोडीला "कोणतं?" हेही विचारायला हवं. येत्या काही महिन्यांत मोठं कर्ज काढायचं असेल तर कोणतंच बंद न करणं शहाणपणाचं. कर्ज हाती पडल्यावर निवांतपणे करता येतं.

बंद केल्याक्षणी कार्डाचा इतिहास पुसला जातो, ही भीती मात्र खोटी आहे. बंद झालेलं खातंही पतमाहिती कंपन्यांच्या अहवालात पुढे अनेक वर्षं दिसतं, वेळेवर भरलेल्या हप्त्यांसकट. अर्थात, चुकवलेलेही तसेच दिसतात. डाग पुसायचा म्हणून कार्ड बंद करणाऱ्यांच्या पदरी त्यातून काही पडत नाही.

ज्यांच्या डोक्यावर थकबाकी आहे, त्यांचे गैरसमज सर्वांत महाग पडतात. "किमान रक्कम भरतोय, म्हणजे सगळं सुरळीत आहे" हा त्यांतला पहिला. ५० हजारांची थकबाकी आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज धरू. महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, एकूण २,०६५ रुपये. किमान रक्कम पाच टक्के असेल तर माणूस २,५०० भरतो. मूळ थकबाकी कमी होते फक्त ४३५ रुपयांनी, तीही नवी खरेदी केली नाही तर! वर्षाला हा दर ४२ टक्के होतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, त्यामुळे त्या मर्यादेचा आधारही आता उरलेला नाही.

अशा वेळी कार्ड रागाने बंद करायला गेलं तर बँक आधी पूर्ण येणं मागते, आणि नियमाने तिला तो अधिकार आहे. मग वसुलीवाल्याचा फोन येतो: "निम्मे भरा, सेटल करून टाकू." ऐकायला सुटका वाटते. पण अहवालात त्या खात्यापुढे "बंद" ऐवजी "सेटल्ड" असा शिक्का बसतो आणि पुढचा प्रत्येक कर्जदाता तो वाचतो. खरोखरच दुसरा मार्ग नसेल तर गोष्ट वेगळी. पण कार्डावरची रक्कम हप्त्यांत बदलून घेणं किंवा कमी दराचं वैयक्तिक कर्ज काढून ती फेडणं शक्य असेल, तर आधी ते करावं.

शुल्काबाबतही असेच गैरसमज आहेत. कार्डावरच्या "लाइफटाइम फ्री" या शब्दांमागे फक्त वार्षिक शुल्काची माफी असते. विलंब शुल्क, रोकड काढण्याचं शुल्क, परकीय चलनातल्या खर्चावरचा अधिभार हे सगळं लागू राहतंच. आणि वर्षाला ठरावीक खर्च केला तरच शुल्क माफ होणार असेल, तर ५९० रुपये वाचवायला मार्चमध्ये नको असलेली दहा हजारांची खरेदी करू नये. अनेक बँका शुल्काचं कार्ड बिनशुल्काच्या प्रकारात बदलून देतात. हे विचारायचं बहुतेकांना सुचतच नाही.

बंद करायचं ठरलंच, तर बँक फार काळ अडवू शकत नाही. थकबाकी नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करणं तिला बंधनकारक आहे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. "पोस्टानेच अर्ज पाठवा" असा हट्ट तिला धरता येत नाही. हेल्पलाइन, ईमेल, अ‍ॅप, नेटबँकिंग हे मार्ग खुले ठेवावेच लागतात. त्याआधी रिवॉर्ड पॉइंट वापरून घ्यावेत, वीजबिल किंवा विम्याचे आपोआप कापले जाणारे हप्ते दुसरीकडे वळवावेत आणि कार्डावर हप्त्यांनी घेतलेल्या फोनचे किती हप्ते उरलेत ते बघावं. घरच्यांना दिलेली अ‍ॅड-ऑन कार्डंही मुख्य कार्डाबरोबर जातात. खात्यात जादा भरणा राहिला असेल तर तो परत मिळतो.

बंद झाल्याचं पत्र मागून जपून ठेवावं. ही माहिती बँकेने पतमाहिती कंपन्यांना ३० दिवसांत कळवायची असते. म्हणून दीड-दोन महिन्यांनी स्वतःचा अहवाल उघडून बघावा. चारही कंपन्यांकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. तिथे खातं अजून चालू दिसलं तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत ती सुटली नाही तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दादही मागता येते. तिथे ते जपलेलं पत्र आणि तक्रारीचा क्रमांक सोबत जोडावा.