फ्लॅश चिप घेताना किंमत शेवटी विचारा

लोअर परळच्या गाळ्यात तुम्ही पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर बनवताय. लोकलने तिसरं स्टेशन ग्रँट रोड, तिथे लॅमिंग्टन रोडला सिरियल फ्लॅश चिप मिळते. दुकानात आपण काय विचारतो? "६४ची कितीला?" इथेच गडबड होते.

एक तर ६४ म्हणजे ६४ मेगाबिट. आठने भागा, ८ मेगाबाइट होतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. चिप किती वेळा पुसली जाणार? फ्लॅशमध्ये त्याच जागी नवीन लिहायचं तर आधी जुनं पुसावं लागतं, आणि एकेक बाइट पुसता येत नाही. नेहमीच्या चिपमध्ये कमीत कमी ४ किलोबाइटचा अख्खा सेक्टर पुसला जातो. डेटाशीट बघा, एका सेक्टरला साधारण १ लाख वेळा पुसण्याची हमी असते.

आता हिशोब मांडू. मशीन दर मिनिटाला एकाच जागी पुसून रीडिंग लिहितं. दिवसाला १,४४० वेळा. म्हणजे हमी संपली जेमतेम ७० दिवसांत. आणि तुम्ही वॉरंटी दिलीय वर्षाची! स्वस्तात घेतलेली चिप मग सर्व्हिसच्या फेऱ्यांत महाग पडते.

उपाय फुकट आहे. वहीसारखं एकाखाली एक लिहा, पान भरलं की मगच पुसा. रीडिंग १६ बाइटचं असेल तर एका सेक्टरमध्ये २५६ मावतात. दिवसाला सहा वेळासुद्धा पुसावं लागत नाही. तीच हमी आता ४० वर्षांच्या वर जाते. दोन सेक्टर आलटून पालटून वापरा, म्हणजे पुसताना लाइट गेली तरी दुसऱ्यातली रीडिंग शाबूत राहतात.

दुकानात जाताना ही चिठ्ठी खिशात ठेवा:

१. व्होल्टेज ३.३ की १.८? चुकलं तर चिप जळू शकते.
२. आठ पायांची चिप १५० आणि २०८ मिल अशा दोन रुंदीत येते. पीसीबीशी जुळवून घ्या.
३. १२८ मेगाबिटच्या वर चार बाइटचा ॲड्रेस लागतो, कोड बदलावा लागेल.
४. उन्हातल्या डब्यासाठी उणे ४० ते ८५ अंशांची चिप घ्या.
५. आधी पाचच नग आणा. ९एफ कमांडने कंपनीचा आणि क्षमतेचा कोड वाचा, मग चिप पूर्ण भरून परत वाचा. वरचं नाव खोडून दुसरं छापलेला माल इथेच पकडला जातो.

आज एवढंच करा: तुमचं मशीन दिवसाला किती वेळा पुसतं, ते कागदावर लिहा. भाव त्यानंतर विचारा.